पोटखराब्यातली फुले

सातबाऱ्यावर रत्नागिरीचे कातळसडे बहुधा ‘पोटखराबा’ म्हणून नोंदलेले असतात. म्हणजे लागवडीस निरुपयोगी. याच कातळावर पावसाच्या आरंभी बोटभर मातीतून कोकणाची प्रदेशनिष्ठ दीपकाडी पांढरी फुलते. भाद्रपदात सीतेची आसवे निळीजांभळी पसरतात. मातीत नत्र जेमतेम, म्हणून हे इवलेसे रोप सूक्ष्म पिशव्यांत जीव पकडून जगते!

सड्याला उजाड म्हणणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. पण आम्हीही आजवर ‘रानफुले’ एवढ्यावरच भागवले. चिरेखाण सुरू झाली की मातीचा हा थर प्रथम जातो, आणि निनावी फुलाची तक्रार तरी कशी करावी? येथली कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, ती आधी शोधून नोंदली गेल्यामुळेच. फुलांचीही तशी गावनिहाय नोंद व्हावी, आणि तीत गुराख्यांच्या तोंडची नावे आधी यावीत.