आधी धंदा बसवा, मग घर

मीरा-भाईंदरला धंदा करायला येताय? मग माझं स्पष्ट मत ऐका: आल्या आल्या फ्लॅटचं डिपॉझिट भरू नका. पहिला महिना पीजीत किंवा कॉट बेसिसवर काढा.

हिशोब बघा. समजा भाडं 15,000, डिपॉझिट 50,000 आणि दलाली एका महिन्याची. पहिलं भाडं धरून 80,000 झाले. दोन लाख घेऊन आलेल्या माणसाचं हे थेट 40 टक्के भांडवल! डिपॉझिट परत मिळेल, पण घर सोडताना. धंद्याला पैसा आज लागतो.

त्या महिन्यात फिरा. काम भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांत असेल, तर मीरा रोडला राहून रोजचा प्रवास कशाला?

घर ठरलं की लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच घ्या. '11 महिन्यांचाच आहे, नोटरी पुरे' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये, स्टॅम्प ड्युटी वेगळी.

घरातूनच धंदा करणार असाल तर मालकाची लेखी संमती आणि वीजबिलाची प्रत चावी घेण्याआधीच मागा. जीएसटी नोंदणीला पत्त्याचा पुरावा लागतो, आणि एकदा पैसे दिले की मालक कागदासाठी फेऱ्या मारायला लावतो.

महिनाभर कॉटवर झोपण्यात कमीपणा नाही. भांडवल संपवून गावी परतणं महागात पडतं.