दोन देशांतलं बालपण

परक्या संस्कृतीत वाढणाऱ्या मुलाला भाषेआधी चेहरे, कपडे, वास आणि मोठ्यांचे आवाज कळतात. म्हणूनच अशा बालपणासाठी चित्रमय आत्मकथा हा प्रकार फार समर्थ आहे, असं आम्हांला वाटतं.

रियाद सत्तूफ यांची ‘द अरब ऑफ द फ्युचर’ पाहा. वडील सीरियन, आई फ्रेंच. बालपण लिबिया, सीरिया आणि फ्रान्समध्ये विभागलेलं. २०१४ ते २०२२ या काळात सहा खंडांत आलेल्या या कथेत लिबियाची पानं पिवळी, सीरियाची गुलाबी, तर फ्रान्सची निळी आहेत. देश बदलला की पानाचा रंगच पालटतो. होम्सजवळच्या खेड्यात सोनेरी केसांचा रियाद परका ठरतो. वडिलांचा मोठेपणा आणि त्यांचा हट्टीपणा दोन्ही त्याच्या नजरेला दिसतात. लेखक मात्र निवाडा देण्याची घाई करत नाही.

मार्जान सत्रापी यांनी ‘पर्सेपोलिस’मध्ये १९७९च्या क्रांतीनंतरचं तेहरान आणि किशोरवयात आईवडिलांपासून दूर व्हिएन्नात काढलेली वर्षं निव्वळ काळ्या-पांढऱ्या रेषांत मांडली. इराण म्हणजे फक्त बातम्यांतले मोर्चे, हा समज या पुस्तकाने असंख्य वाचकांच्या मनातून पुसला.

मराठी घरांतली मुलंही आज दुबईत, लंडनमध्ये, न्यू जर्सीत वाढत आहेत. त्यांच्या शाळा, सण, मैत्री आणि एकटेपण मराठीत, चित्रांसह यायला हवं. पालकांनो, मुलांच्या चित्रांच्या वह्या जपा. आणि अशा बालपणातून मोठे झालेल्यांनो, लिहा, चित्रं काढा, आमच्याकडे पाठवा.