अडीअडचणीचे धान्य

धान्य खळ्यावरून घरी आले की आपले काम संपले, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती बरोबर नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील अनेक गावांचे रस्ते तोडले. अशा वेळी दुकान कामास येत नाही, घरातील कोठीच कामास येते. माणशी दररोज 400 ग्रॅम धरल्यास पाच माणसांच्या कुटुंबास महिन्याला 60 किलो धान्य लागते. एवढा साठा शेतकऱ्याच्या घरी नेहमी असावा.

मात्र संकटासाठी म्हणून कुलूपबंद ठेवलेले धान्य ऐन संकटात बहुधा किडलेले निघते. आमच्या मते राखीव साठा रोजच्या वापरातीलच असावा. जुने आधी खावे, नवे मागून भरावे आणि भरल्याची तारीख कोठीवर लिहावी.

किडीचे व बुरशीचे मूळ ओलाव्यात आहे. ज्वारी-गहू कडक उन्हात वाळवून ओलावा 12 टक्क्यांच्या आत आणावा. नीट वाळलेला दाणा दाताखाली कट्‌कन फुटतो. धान्य निवल्यावरच घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरावे. कोठी भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवावी. पूर येणाऱ्या गावी माळ्यावर ठेवावी. कडधान्यापेक्षा त्याची डाळ करून ठेवल्यास भुंगेऱ्याचा उपद्रव कमी होतो. बुरशी आलेले किंवा पुराच्या पाण्यात भिजलेले धान्य खाऊ नये. बुरशीचे विष शिजविल्याने जात नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. किडीच्या भयाने काही घरांत धान्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो व त्यावर उतारा नाही. जेथे मुले निजतात तेथे हे विष ठेवणे म्हणजे धान्य राखण्यासाठी माणूस गमावणे होय. या गोळ्यांचा वापर प्रशिक्षित व अधिकृत व्यक्तींपुरताच मर्यादित आहे. त्या घरात आणूच नयेत.

ग्रामीण कार्यकर्त्यांनी पिकाची पाहणी करतात तशी कोठीचीही करावी. त्यांनी गृहिणीशी बोलावे, कारण साठ्याची खरी राखण तीच करते. कोरडे धान्य, बंद कोठी व नियमित वापर एवढ्या तीन गोष्टी सांभाळल्यास विषाची गरजच उरणार नाही.