जावळ, रणगाडे आणि पहिली उडी

तुमच्या घरात दोन-अडीच वर्षांचं कुणी असेल, तर ‘सुट्टी’ या शब्दाचा नवा अर्थ तुम्हाला सांगायला नको. पूर्वी सुट्टी म्हणजे एक सॅक, दोन तिकिटं आणि ‘बघू तिकडे गेल्यावर’. आता सुट्टी म्हणजे डायपरची चळत, तापाचं औषध, दुधाच्या बाटल्या, एक विशिष्ट पिवळी चादर आणि ती चादर घरीच राहिली म्हणून वाघोलीहून मागे फिरवलेली गाडी!

ही गोष्ट 2025च्या पाडव्याची. कॅलेंडरने सॉलिड सेटिंग लावलं होतं. शनिवार, रविवारी पाडवा आणि सोमवारी ईद. एकही रजा न टाकता सलग तीन दिवस! प्रॉब्लेम एवढाच की तो सोमवार म्हणजे 31 मार्च. मार्च एण्डला गावाला जाणाऱ्या माणसाकडे ऑफिसात ज्या नजरेने बघतात, ती झेलून नवरोबा शुक्रवारी रात्री दहाला घरी आला. मी फ्रीलान्सर. मला सुट्टीही नसते आणि रजाही नसते, डेडलाइन तेवढी असते. ती लॅपटॉपसकट डिकीत टाकली आणि शनिवारी सकाळी आम्ही निघालो. कुठे? माझ्या माहेरी, नगरला.

‘‘नगरला? सुट्टीला?’’ मैत्रिणीने विचारलंच. लोक लाँग वीकेंडला गोव्याला जातात, अगदीच काही नाही तर महाबळेश्वरला जातात. पण आमच्याकडे कारण होतं. खरं तर दोन होती.

पहिलं म्हणजे लेकीचं जावळ. तिला दोन वर्षं पूर्ण होऊन तिसरं लागलं होतं. आमच्या घरात जावळ पहिल्या नाहीतर तिसऱ्या वर्षी काढतात. ‘‘पहिल्या वर्षी तुम्हाला वेळ नव्हता. आता तिसरं लागलंय. आणताय की मी येऊ तिकडे?’’ असा आजीचा फोन आला होता. आजी म्हणजे माझी आजी. वय वर्षं 82. ती खरंच एसटीत बसून आली असती, म्हणून आम्हीच निघालो.

दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. छोटीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी तिथे नव्हते. एका मुलाखतीत बसले होते आणि टेबलावर फोन थरथरला. पाळणाघराच्या ताईंचा मेसेज होता : ‘आज चालली हो आमची बाई! चार पावलं!’ सोबत हसरा चेहरा. मीही हसरा चेहरा पाठवला आणि मुलाखत संपल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले. संध्याकाळी ती माझ्याकडेही चालत आली, आम्ही टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ काढला. पण ते तिचं पाचवं पाऊल होतं, बॉस. पहिली चार दुसऱ्या कुणीतरी बघितली होती. तेव्हापासून मी ठरवलं होतं की यापुढे काही म्हणजे काही मिस करायचं नाही. परिणाम? फोनची मेमरी कायम फुल आणि हात कायम बिझी.

नगर रोडबद्दल पुणेकरांना मी काय सांगणार! वाघोलीचं ट्रॅफिक, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर. शिरूरला घोड नदीचा पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो. 2024च्या ऑक्टोबरपासून जिल्ह्याचं आणि शहराचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालंय. अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यातलं, जामखेड तालुक्यातलं. पाट्यांवर नवं नाव आलं. आजीच्या तोंडी मात्र तेव्हाही ‘नगर’ होतं आणि आताही ‘नगर’च आहे.

पूल ओलांडल्यावर थोड्याच वेळात रसवंती दिसली. उसाच्या चरकाला बांधलेली घुंगरं छुमछुम वाजत होती. मागच्या सीटवर भोकाड पसरलेल्या मॅडम एकदम चूप! गाडीतून उतरल्या आणि चरकासमोर चक्क नाचायला लागल्या. रसवाल्या काकांनी ऊस संपल्यावरही दोन मिनिटं चरक रिकामा फिरवला, खास तिच्यासाठी. मी अर्थातच शूट करत होते.

रणगाडे विरुद्ध मुंग्या

शनिवारी संध्याकाळी नवरोबाच्या आग्रहावरून रणगाडा संग्रहालय. नगर म्हणजे लष्कराच्या चिलखती दलाचं माहेरघर. इथल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने फेब्रुवारी 1994मध्ये हे म्युझियम सुरू केलं. रोल्स-रॉईसची चिलखती गाडी, दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे, 1965च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन, आपला ‘विजयंता’, सगळे ओळीने उभे आहेत. नवरोबा आठ वर्षांचा झाला होता. ‘‘अगं, हा पॅटन बघ!’’ लेक बघतच होती, पण पॅटनच्या पट्ट्याखालून निघालेली मुंग्यांची रांग! पंचवीस मिनिटं एका मुंगीच्या मागे. तिच्या बाबाने उचलून तिला तोफ दाखवली, तर हात पसरून, ‘‘मुंई! मुंई!’’ करून रडारड.

त्या संध्याकाळी मला पहिला फंडा कळला. लहान मुलांना घेऊन फिरताना आपण ठिकाण निवडायचं, आणि तिथे काय बघायचं ते त्यांनी ठरवायचं. दिवसाला एकच स्पॉट ठेवा. नगरचं मार्चअखेरचं ऊन म्हणजे चेष्टा नाही, त्यामुळे बाहेर पडायचं ते सकाळी दहाच्या आत नाहीतर चारनंतर. मधल्या वेळात माहेर आहेच की.

पाडव्याला वार बघत नाहीत

रविवारी पहाटेच घराला जाग आली. बाबांनी गुढी उभारली, आईने कडुलिंबाची चटणी वाटली. छोटीच्या गळ्यात साखरगाठीची माळ घातली आणि पुढचा अर्धा तास ती स्वतःचाच दागिना खात बसली. साखर, लाळ, मुंग्यांना आमंत्रण! मी म्हटलं, ‘‘अगं आजी, एवढी साखर नको तिला.’’ आजीने माझ्याकडे बघितलंही नाही. ‘‘वर्षातून एकदा गळ्यात गोड पडतं. खाऊ दे.’’

पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्यामुळे पंचांगाचं टेन्शन नव्हतं. ‘‘पण रविवारी केस...?’’ असं आईने काढलं, तर आजीने तिलाही गप्प केलं, ‘‘पाडव्याला वार बघत नाहीत.’’ अंगणात पाट मांडला. मामाच्या मांडीवर बसून जावळ काढायचं, म्हणून माझा धाकटा भाऊ बसला, कडक इस्त्रीच्या कुर्त्यात. शेजारच्या गल्लीतले न्हावीकाका आले. आत्याने केस पदरात झेलायचे असतात. माझी नणंद दुबईत, म्हणून माझ्या आत्याने पदर पसरला.

इथे माझ्यातली पत्रकार जागी झाली. ‘‘आजी, वस्तरा फिरवल्याने केस दाट होतात हे खरं नाही बरं का. केसाचं मूळ कातडीच्या खाली असतं. वरून कापल्याने त्याला काही कळत नाही.’’

‘‘दाट व्हायला कोण काढतंय?’’ आजी म्हणाली. ‘‘सगळे एका जागी जमावेत म्हणून काढायचं.’’

यावर बोलणार काय?

पहिली बट पडली आणि छोटीने टाहो फोडला. मामाचा कुर्ता गेला कामातून. अर्ध्या डोक्याचं जावळ झाल्यावर तिने पदरात पडलेले केस बघितले, रडायची थांबली आणि ते उचलून डोक्यावर ठेवायला लागली. सगळे हसले. आजीला तर हसू आवरेना. डोळे पुसत मला म्हणाली, ‘‘तूही अश्शीच! केस गोळा करून न्हाव्याच्या हातात दिलेस आणि म्हणालीस, पलत लाव!’’

मी फोन खाली केला. हे मला माहीतच नव्हतं. मग आजी सुरूच झाली. मी माळीवाड्यातल्या विशाल गणपतीच्या देवळात घंटा वाजवण्यासाठी कशी लोळण घेतली होती, मी चालायला लागले तो दिवस कुठला, तेव्हा तुळशीवृंदावनापाशी कोण बसलं होतं. आई त्या दिवशी शाळेत होती, शिकवायला. म्हणजे माझं पहिलं पाऊल माझ्या आईनेही बघितलं नव्हतं! मी आईकडे वळून पाहिलं. ती नणंदेच्या पदरातले केस कागदात बांधत होती. ‘‘संध्याकाळी आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं,’’ ती म्हणाली. ‘‘मग रात्री तू माझ्याकडेपण चाललीस की.’’ बस. एवढंच. पंचवीस-सव्वीस वर्षांत तिने ही गोष्ट मला एकदाही सांगितली नव्हती.

संध्याकाळी टक्कल केलेल्या लेकीला टोपी घालून सगळे चांदबिबीच्या महालाला गेलो. पाथर्डी रस्त्यावर शहराबाहेरच्या डोंगरावर ही अष्टकोनी, तीन मजली दगडी वास्तू आहे. वरून अख्खं नगर दिसतं. आमच्या लहानपणापासूनचा हा हमखास आउटिंग स्पॉट. आणि गंमत माहितीय का? तो ना महाल आहे, ना चांदबिबीचा. निजामशाहीतला एक वजीर, सलाबतखान, त्याची ती कबर. पण नगरकर पिढ्यान्पिढ्या म्हणतात चांदबिबीचा महाल, आणि रिक्षावालाही त्याच नावाने आणून सोडतो.

भूभू नव्हे, काळवीट

सोमवारी परतताना आम्ही वाकडी वाट केली. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य खास काळविटांसाठी 1980मध्ये झालं. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बड्या टाउनशिपची भावंडंच शोभेल. पण वाळलेलं गवत, बाभळी आणि त्यात निवांत चरणारे कळप! नर काळे-पांढरे, पिळाची शिंगं मिरवणारे. माद्या तपकिरी, बिनशिंगाच्या.

सकाळी लवकर पोहोचलो. शांतता होती. माझा फोन रात्रभर चार्जिंगला लावला होता, पण बटण चालू करायला विसरले होते. स्क्रीन काळी. नवरोबाचा फोन गाडीत. मी जाम वैतागले होते.

‘‘भूभू,’’ लेकीने जाहीर केलं. चार पायांचं सगळं तेव्हा भूभू होतं. ‘‘का-ळ-वी-ट,’’ तिचा बाबा समजावत होता. तेवढ्यात कळप कशाने तरी बिचकला आणि पळाला. पळता पळता एकेक जण स्प्रिंग लावल्यासारखा हवेत उसळत होता. लेक बघत राहिली. मग तिने गुडघे वाकवले, दोन्ही हात मागे नेले आणि उडी मारली. दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटले. दोन इंच असेल. फार तर अडीच.

तोवर तिची उडी म्हणजे नुसतं गुडघ्यात हलणं असायचं. पाय जमिनीला चिकटलेलेच. ही तिची पहिली खरीखुरी उडी, आणि ती मी बघितली. मध्ये काच नाही, स्क्रीन नाही, ‘थांब, परत कर’ नाही. तिने परत केली, स्वतःहून, पंधरा-वीस वेळा. आम्ही दोघांनीही मारल्या. काळविटांनी लांबून आमच्याकडे बघितलं आणि ते पुन्हा चरायला लागले.

तुम्ही म्हणाल, एवढं फिरवून त्या पोरीला काय आठवणार? बरोबर आहे. काहीच नाही. बहुतेक मोठ्या माणसांची सगळ्यात जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. त्याआधीचं सगळं पुसलं जातं. आता ती तीन वर्षांची झालीये. विचारलं तर ना रणगाडा आठवत, ना टक्कल. उडीचं मात्र तिला माहितीये, ‘‘मी कालवीटसारखी उडी मारली होती!’’ कारण मी सांगितलंय. पन्नासदा तरी.

आणि आजी? आजी अलीकडे विसरायला लागलीये. औषध घेतलं की नाही ते, सकाळी कोण आलं होतं ते. परवा व्हिडिओ कॉलवर तिने मला पुन्हा माझ्या जावळाची गोष्ट सांगितली. ‘‘पाडव्याचा दिवस होता. तुझ्या गळ्यात गाठी होती, मामाचा कुर्ता पार खराब केलास, आणि केस उचलून डोक्यावर ठेवायला लागलीस...’’

कुर्ता माझ्या भावाचा. गाठी लेकीची. आई स्क्रीनच्या कोपऱ्यातून मला खुणावत होती, राहू दे म्हणून. पण दुरुस्त करावं असं मला वाटलंच नाही. अख्खं शहर सलाबतखानाच्या कबरीला चांदबिबीचा महाल म्हणतं, आणि तरी बरोबर त्याच डोंगरावर पोहोचतं.

‘‘आणि मग मी काय म्हणाले गं आजी?’’ मी विचारलं.

‘‘पलत लाव!’’ आजी हसली. माझ्या मांडीवर बसलेली लेकही हसली.

मग तिने विचारलं, ‘‘पुढे?’’ आणि या वेळी पुढचं मी सांगितलं.