जामीन कोण राहणार ?

आमच्या नरडाण्याच्या स्टेशनावरून पूर्वेकडे निघालेली गाडी थोड्याच वेळांत अंमळनेरास पोंचते, आणि आग्रा रस्त्यानें दक्षिणेकडे निघालेली मोटार सोनगीर मागें टाकून धुळ्यास जाते. हीं दोन्ही गांवें आमच्या वाचकांच्या नेहमींच्या जाण्यायेण्यांतलीं आहेत. परंतु त्यांचीं नांवें निघालीं कीं आमच्या डोळ्यांपुढें दोन चित्रें उभीं राहतात : एक अंमळनेरच्या छात्रालयाचें, दुसरें धुळ्याच्या तुरुंगाचें, आणि दोहोंतही साने गुरुजींची मूर्ति दिसते.

१९२४ पासून १९३० पर्यंत गुरुजी अंमळनेरच्या शाळेंत शिक्षक होते. छात्रालय त्यांच्याकडे सोंपविण्यांत आलें तेव्हां खोल्या अस्ताव्यस्त ठेवणाऱ्या मुलांवर त्यांनीं छडी उगारली नाहीं. त्यांनीं स्वतः केरसुणी हातीं घेतली, मुलांचे कपडे धुतले, आणि मुलें आपोआप लाजून कामाला लागलीं. पुढें १९३२ सालीं ते धुळ्याच्या तुरुंगांत असतां विनोबांनीं तेथें गीतेवर प्रवचनें दिलीं. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं एक, अशीं अठरा प्रवचनें झालीं, आणि गुरुजींनीं तीं लिहून घेतलीं. तेथील श्रोते सत्याग्रही होते, चोर-दरोडेखोर नव्हते, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु भिंतींच्या आंत अडकलेल्या माणसांपुढें एक मनुष्य अठरा रविवारांत एकही रविवार न चुकवितां बोलतो, आणि दुसरा तितक्याच निष्ठेनें तें टिपून घेतो, या गोष्टींत मोठा बोध आहे. त्याकडे आम्ही पुढें वळूं.

आमचा आजचा विषय मात्र गुरुजींचें चरित्र हा नव्हे. ज्या मुलाचें पाऊल एकदां वांकडें पडलें, जो चोरींत किंवा मारामारींत सांपडला, आणि सरकारी निरीक्षणगृहांत कांहीं काळ राहून घरीं परतला, त्याच्या पाठीशीं कोणीं उभें राहावें, याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें. शाळेच्या वार्षिकांत हा विषय कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, तो मुलगा ज्या वयाचा असतो त्याच वयाचीं मुलें आमच्या बाकांवर बसतात. आणि पुष्कळ वेळां वांकड्या वाटेस लागण्यापूर्वीं तो अशाच एखाद्या बाकावरून उठून गेलेला असतो.

नरडाणा हें आतां नुसतें खेडें राहिलें नाहीं. येथें रेल्वे आहे, हमरस्ता आहे, औद्योगिक वसाहत आहे. पोटासाठीं येथें येणारीं कुटुंबें आहेत, तशीं पोटासाठीं येथून बाहेर जाणारींही आहेत. बाप दूर कामाला, आई दिवसभर मजुरीला आणि मुलगा रस्त्यावर, असें चित्र कोणत्याही रहदारीच्या गांवीं दिसतें. असा मुलगा प्रथम आठवडाभर शाळेस येत नाहीं, मग महिनाभर येत नाहीं, आणि एके दिवशीं पटावरचें त्याचें नांव नाहींसें होतें. मुलाच्या आयुष्यांतील एवढी मोठी घटना, पण तिची नोंद तांबड्या शाईच्या एका रेघेनें संपते. ती रेघ ओढण्याच्या आधीं त्याच्या घरीं कोणी गेला होता काय, हा प्रश्न आम्हां शिक्षकांनीं स्वतःस विचारला पाहिजे.

वाट चुकलेल्या मुलांस मोठ्या गुन्हेगारांबरोबर एकाच तुरुंगांत कोंडण्याची चाल एके काळीं देशोदेशीं होती. ती मोडण्यास कायद्याच्या आधीं पुढें आलीं तीं साधीं माणसें. ब्रिस्टल शहरीं मेरी कार्पेंटर या बाईंनीं १८५४ सालीं मुलींसाठीं सुधारशाळा काढली. १८६६ मध्यें त्या हिंदुस्थानांत आल्या, येथील तुरुंग त्यांनीं पाहिले, आणि मुलांसाठीं निराळ्या सुधारशाळा हव्यात असा आग्रह धरला. पुढें १८७६ सालीं तसा कायदा झाला. मुंबईंत त्याच्याही आधीं, १८५७ मध्यें, डेव्हिड ससून यांच्या नांवाची औद्योगिक सुधारशाळा निघाली होती. मुंबई इलाख्याचा मुलांविषयींचा कायदा १९२४ चा, आणि चिल्ड्रेन्स एड सोसायटी निघाली ती १९२७ मध्यें. त्याच सुमारास अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनीं नागपाड्याच्या दाट वस्तींत, तेथील लोकांचे शेजारी होऊन, सेवेचें केंद्र उघडलें. १९३६ सालीं त्यांच्याच नेतृत्वाखालीं समाजकार्य शिकविणारी जी संस्था निघाली ती आजची टाटा समाजविज्ञान संस्था होय. तिच्या ‘प्रयास’ या उपक्रमाचे कार्यकर्ते १९९० पासून तुरुंगांतील माणसांसाठीं झटत आहेत.

परंतु या सर्वांत आम्हांस अधिक भावते ती बोस्टन शहरांतील एका जोडे शिवणाऱ्या कारागिराची गोष्ट. त्याचें नांव जॉन ऑगस्टस. १८४१ सालीं एके सकाळीं तो तेथील न्यायालयांत बसला असतां एका दारुड्यास न्यायाधीशापुढें उभें करण्यांत आलें. ऑगस्टसनें त्याची विचारपूस केली, आणि त्यास तुरुंगांत न पाठवितां आपल्या हवालीं करावें म्हणून तो स्वतः जामीन राहिला. तीन आठवड्यांनीं तोच मनुष्य शुद्धीवर, नीटनेटका होऊन न्यायालयांत परत आला, आणि न्यायाधीशानें त्यास केवळ एक सेंट दंड केला. ऑगस्टस १८५९ सालीं वारला. तोंवर तो सुमारें दोन हजार माणसांस जामीन राहिला होता, आणि त्यांत लहान मुलें-मुलीही होत्या. त्याच्या राज्यांत या कामासाठीं पगारी अधिकारी नेमण्याचा कायदा झाला तो १८७८ मध्यें, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनीं. आज आपल्याकडे ज्यास परिवीक्षा अधिकारी म्हणतात, त्या पदाचा उगम एका कारागिराच्या जामिनकींत आहे.

आपल्या देशांत २०१५ चा बाल न्याय कायदा आज लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलास पोलिसांच्या कोठडींत किंवा तुरुंगांत ठेवूं नये, त्यास चोवीस तासांच्या आंत बाल न्याय मंडळापुढें न्यावें, त्या मंडळांत दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते असावे व त्यांपैकीं एक तरी स्त्री असावी, त्याचें नांव वर्तमानपत्रांत छापूं नये, अशा अनेक चांगल्या गोष्टी त्यांत आहेत. कायदा त्या मुलास गुन्हेगार म्हणत नाहीं. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. शब्द जड आहे, परंतु हेतु दयेचा आहे. गांव मात्र त्यास दोनच अक्षरांचें नांव ठेवतें : चोर ! आणि तें नांव कोणत्याही मंडळास पुसतां येत नाहीं.

याच कायद्यांत आणखी एक तरतूद आहे, आणि तिजकडे आमच्या वाचकांचें लक्ष आम्हांस मुद्दाम वेधावयाचें आहे. मंडळ मुलास चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर, तीन वर्षांपर्यंत, आईबापांच्या, पालकाच्या किंवा एखाद्या ‘योग्य व्यक्ती’च्या देखरेखीखालीं सोडूं शकतें. पाहा, ऑगस्टसची जागा कायद्यानें राखून ठेवली आहे ! इमारत सरकार बांधील, अधिकारी सरकार नेमील. परंतु त्या जागेवर बसणारा मनुष्य कोणत्याही खात्यास हुकूम काढून निर्माण करतां येणार नाहीं. तो गांवांतूनच निघाला पाहिजे.

येथें पहिला आक्षेप असा येतो कीं, एक नासका आंबा सगळी अढी नासवितो. तेव्हां असा मुलगा आमच्या मुलांत नको. आईबापांची ही भीति आम्ही समजूं शकतों. परंतु मुलगा म्हणजे झाडावरून उतरविलेलें फळ नव्हे. त्याचीं मुळें अद्याप जमिनींत आहेत. आमच्या जळगांवाकडचा शेतकरी भारानें वांकलेल्या केळीस टेकू देतो, तिला उपटून टाकीत नाहीं. शिवाय ज्यास शाळेनें दार लावलें, तो मुलगा गांवांतून नाहींसा होत नसतो. तो रस्त्यावर असतो, आणि आमच्या मुलांस तो तेथें भेटतोच.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. ज्याच्या घरीं चोरी झाली, ज्याचें डोकें फुटलें, त्याचें काय ? दया काय ती चोरालाच ? हा प्रश्न न्यायाचा आहे. जामीन राहणारा अपराधाचा वकील नव्हे. अपराध झांकणारी दया ही दया नसून आळस होय. खरा जामीन मुलाचा हात धरून त्यास ज्याचें नुकसान झालें त्याच्या दारीं नेईल, क्षमा मागावयास लावील, आणि पुढें कमाई सुरू झाली म्हणजे शक्य तितकें फेडावयास सांगेल. मुलानें मान खालीं घालून त्या दारीं उभें राहणें ही सर्व शिक्षांत कठीण शिक्षा आहे, आणि ती सोबतीवांचून कोणासही सोसत नाहीं.

तिसरा आक्षेप फसगतीचा. फसगत होईल, हें आम्ही आधींच कबूल करतों. दहांपैकीं कांहीं मुलें पुन्हां घसरतील. परंतु उधारी बुडते म्हणून कोणता दुकानदार दुकान बंद करतो ?

आतां धुळ्याच्या त्या अठरा रविवारांकडे वळूं. या कामांत पांडित्य लागत नाहीं, पैसाही फारसा लागत नाहीं. लागतो तो नेम. वर्षांतून एकदां राष्ट्रीय सणाच्या दिवशीं फळें वांटून, छायाचित्र काढून परतणारे पाहुणे मुलांनीं पुष्कळ पाहिलेले असतात. तीं मुलें फळ घेतात, पण मनांत एकच हिशेब ठेवतात : हा मनुष्य पुन्हां येईल काय ? जो ठरलेल्या वारीं पुन्हां येतो, पाऊस असो वा लग्नसराई असो, त्याच्यावरच त्यांचा विश्वास बसतो. त्यानें फार उपदेश करूं नये. अपराधाची गोष्ट उकरून काढूं नये. दिलेलें वचन लहान असलें तरी मोडूं नये. मुलगा बोलूं लागला म्हणजे ऐकावें. गुरुजींनीं विनोबांचे शब्द टिपले तितक्याच आदरानें अशा मुलाचे शब्दही कोणीं तरी ऐकले पाहिजेत. कारण बहुधा जन्मांत प्रथमच कोणी त्याचें ऐकत असतें.

हें झालें सर्वसाधारण. आमच्यापुरतें आम्ही स्पष्ट सांगतों. शिक्षकांनीं असा नियम करावा कीं, सतत गैरहजर असलेल्या मुलाच्या घरीं आठ दिवसांच्या आंत कोणी तरी गेल्यावांचून राहूं नये. परत आलेल्या मुलास बाक मिळावा, आणि तो कोठें होता हें वर्गांत कोणीं विचारूं नये. विद्यार्थ्यांनीं डबा खातांना त्यास जवळ बसवावें. एवढें तरी त्यांच्या हातीं आहे. आमचे जे माजी विद्यार्थी आज कारखान्यांत, गॅरेजांत किंवा दुकानांत मालक अथवा मुकादम आहेत, त्यांनीं वयांत आलेल्या अशा एकेका तरुणास धंदा शिकवावा. आणि ज्यांस सवड आहे त्यांनीं धुळ्यास जाऊन ‘योग्य व्यक्ति’ म्हणून काम करण्याची तयारी दाखवावी. मुलींविषयीं समाज याहून कठोर असतो; म्हणून भगिनींनीं या कामांत मागें राहूं नये, अशी आमची विशेष विनंती आहे.

आमच्या शाळेंत बायबल वाचलें जातें, त्यांतील एका लहानशा पत्राची आठवण देऊन आम्ही थांबतों. पौल तुरुंगांत असतां धन्याकडून पळालेला अनेसिम नांवाचा दास त्यास भेटला. पौलानें त्यास पुत्र मानलें, आणि त्याच्या धन्यास, फिलेमोनास, पत्र लिहिलें कीं यास दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून घरांत घ्या. याचें कांहीं देणें असेल तर तें माझ्या नांवावर मांडा. स्वतः बेडींत असलेला मनुष्य दुसऱ्यास जामीन राहतो ! मग जे आम्ही मोकळे आहों, ज्यांच्या हातीं घर, शाळा, दुकान, शेत आहे, ते आम्ही कोणतें निमित्त सांगणार ? पुढच्या वर्षीं हें वार्षिक निघेल तेव्हां आमच्या वाचकांपैकीं एकानें जरी एका मुलाचें देणें आपल्या नांवावर मांडलेलें असलें, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.