विश्लेषण: एका पोस्टवर ॲप चालतं का?

‘हे छोटंसं ॲप बनवलंय, वापरून बघा आणि कसं वाटलं ते सांगा.’ रेडिट, लिंक्डइन किंवा एखाद्या टेलिग्राम ग्रुपवर अशी पोस्ट आता जवळपास रोज दिसते. खर्चाचं हिशेबाचं ॲप, अभ्यासाचं वेळापत्रक, बिल बनवण्याचं साधन, काहीही असू शकतं. बनवणारा बहुतेक वेळा एकटा असतो आणि जाहिरातीसाठी त्याच्याकडे पैसे नसतात. अशा एका पोस्टवर खरंच ॲप चालतं का? आणि लिंकवर क्लिक करणाऱ्याने काय बघायला हवं?

ही पद्धत किती जुनी?

एक जुनं आणि मोठं उदाहरण 25 ऑगस्ट 1991 चं आहे. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या 21 वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने ‘मिनिक्स’ ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांच्या ऑनलाइन गटात एक संदेश टाकला. आपण छंद म्हणून एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बनवतोय, मिनिक्समधलं काय आवडतं आणि काय आवडत नाही ते सांगा, एवढंच त्यात होतं. ती पुढे ‘लिनक्स’ झाली. आज अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे.

त्या संदेशात विकण्याची भाषा नव्हती. ज्यांना विषय कळतो अशा लोकांना त्याने नेमका प्रश्न विचारला होता. आजही अशा पोस्टकडून समुदायाची हीच अपेक्षा असते.

ड्रॉपबॉक्सने काय केलं?

एप्रिल 2007 मध्ये ड्रू ह्यूस्टनने ‘हॅकर न्यूज’वर ड्रॉपबॉक्सची ओळख करून दिली. पेन ड्राइव्ह फेकून द्या, असा त्याचा सूर होता. त्यावर आलेली एक प्रतिक्रिया पुढे फार गाजली. लिनक्स वापरणारा माणूस हे घरच्या घरी सहज जमवू शकतो, मग याची गरज काय, असा तिचा अर्थ होता. ह्यूस्टनने वाद न घालता मुद्देसूद उत्तर दिलं.

मार्च 2008 मध्ये त्याने ‘डिग’ या तेव्हाच्या लोकप्रिय साइटसाठी काही मिनिटांचा व्हिडिओ बनवला. डिगवरच्या मंडळींनाच कळतील असे विनोद त्यात पेरले होते. ह्यूस्टनने नंतर सांगितल्याप्रमाणे प्रतीक्षा यादी एका रात्रीत 5 हजारांवरून 75 हजारांवर गेली.

यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ड्रॉपबॉक्स तेव्हा सगळ्यांसाठी खुलंच नव्हतं. ते सप्टेंबर 2008 मध्ये खुलं झालं. लोक रांगेत होते आणि त्यांना टप्प्याटप्प्याने आत घेतलं जात होतं. त्यामुळे गर्दी आली तरी यंत्रणा कोलमडली नाही, आणि मागणी खरी आहे का हेही आधीच कळलं.

वर्डलमध्ये पोस्ट कोणी टाकल्या?

जॉश वॉर्डलने वर्डल हा शब्दखेळ आपल्या जोडीदारासाठी बनवला होता. 1 नोव्हेंबर 2021 ला तो 90 जण खेळले, तर 2 जानेवारी 2022 ला 3 लाखांहून जास्त. ना जाहिरात, ना लॉगिन, दिवसाला एकच शब्द.

हिरव्या-पिवळ्या चौकोनांची ती प्रसिद्ध पोस्टही मुळात खेळाडूंची कल्पना होती. न्यूझीलंडमधले काही जण आपला निकाल इमोजींनी हाताने टाइप करून टाकत होते. वॉर्डलने ते पाहिलं आणि ती सोय खेळातच दिली. उत्तर न फोडता फुशारकी मारता येऊ लागली आणि खेळाडूच प्रचार करू लागले. जानेवारी 2022 संपता संपता ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हा खेळ विकत घेतला.

मग सगळ्यांचंच का जमत नाही?

एक तर यशाच्याच गोष्टी सांगितल्या जातात. दुसरं म्हणजे या साइट्सची रचना. हॅकर न्यूजवर मतांइतकंच पोस्टचं वय महत्त्वाचं असतं. वेळ जाईल तशी पोस्ट खाली सरकते, त्यामुळे पहिले काही तास निर्णायक ठरतात. ‘प्रॉडक्ट हंट’वर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्रीपासून रोजची नवी स्पर्धा सुरू होते. तेव्हा भारतात दुपारचे साडेबारा किंवा दीड वाजलेले असतात.

मित्रांना लिंक पाठवून मतं गोळा करणं हॅकर न्यूजच्या नियमांत बसत नाही. आपली निर्मिती दाखवण्याच्या तिथल्या सदरात प्रत्यक्ष वापरून बघता येईल अशीच वस्तू चालते, फक्त नोंदणीचं पान चालत नाही. रेडिटवर प्रत्येक गटाचे नियम वेगळे असतात. कधीही न बोललेला माणूस थेट लिंक घेऊन आला की ती पोस्ट अनेकदा काढली जाते. गावातल्या कट्ट्यावर पहिल्याच दिवशी पावतीपुस्तक काढणाऱ्याचं जे होतं, तेच इथेही होतं.

एआयमुळे काय बदललं?

फेब्रुवारी 2025 मध्ये आंद्रे कारपथी यांनी ‘वाइब कोडिंग’ हा शब्द रूढ केला. हवं ते साध्या भाषेत सांगायचं आणि कोड एआयने लिहायचा, अशी ही पद्धत. काही महिन्यांचं काम त्यामुळे काही दिवसांवर आलं. बघणाऱ्यांचा वेळ मात्र तेवढाच राहिला. शिवाय बनवणाऱ्यानेच कोड नीट वाचलेला नसेल, अशीही शक्यता आता असते.

लोकप्रियता म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे जुलै 2025 मध्ये अमेरिकेत दिसलं. ‘टी’ हे महिलांसाठीचं ॲप ॲपलच्या मोफत ॲपच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्याच सुमारास त्यातली सुमारे 72 हजार छायाचित्रं बाहेर फुटली. त्यातली सुमारे 13 हजार ओळख पटवण्यासाठी दिलेले सेल्फी आणि ओळखपत्रांची होती. हा डेटा जुन्या साठवण यंत्रणेतला असल्याचं कंपनीने सांगितलं. ज्यांचे फोटो होते, त्यांना त्याने काहीच फरक पडत नव्हता.

वापरून बघण्याआधी काय तपासावं?

बनवणारा प्रतिक्रियांना उत्तरं देतो का, विशेषतः टीकेला? ॲप कामापुरतीच परवानगी मागतं का? हिशेबाच्या ॲपला फोनमधले सगळे नंबर कशाला हवेत? खातं आणि माहिती पुसून टाकता येते का? फुकट असेल तर पैसे कुठून येणार, हे सांगितलंय का?

भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं तत्त्वही हेच आहे. संमती गरजेपुरत्याच माहितीसाठी असावी आणि ती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं.

बनवणाऱ्यासाठी हिशेब वेगळा आहे. पहिल्या दिवशी किती मतं पडली यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात कितीजण परत आले, हा आकडा जास्त खरा. पोस्ट पहिले शंभर लोक आणू शकते. त्यातले दहा जण काय बिघडलंय ते सांगत असतील आणि ते दुरुस्त होत असेल, तर ॲप चालण्याची शक्यता आहे.