धावणाऱ्यांच्या वाटा

साखळी-केरीमार्गे चोर्ला घाट चढून भल्या पहाटे बेळगाव गाठण्याचा परिपाठ अनेक गोमंतकीय कुटुंबांत आहे. कुणाला डॉक्टरांकडे नंबर लावायचा असतो, कुणाला लग्नाचा बस्ता बांधायचा असतो. कणकुंबी आणि जांबोटी मागे पडून शहर जवळ आले, की मोटारीच्या दिव्यांच्या झोतात रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या आकृती दिसू लागतात. बहुतेक अठरा-वीस वर्षांचे मुलगे; अलीकडे त्यांत काही मुलीही असतात. आपला चालक भोंगा वाजवितो, मुले मुकाट्याने डांबरावरून खडीच्या पट्ट्यावर उतरतात आणि मोटार पुढे निघून जाते. ही मुले भूक वाढावी म्हणून धावत नसतात. सेनाभरतीच्या मेळाव्यात १.६ किलोमीटरचे अंतर साडेपाच मिनिटांच्या आत कापणाऱ्यास सर्वाधिक गुण मिळतात, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र ज्या नगरात आहे, त्याच्या पंचक्रोशीतील गरीब घरांना त्या गुणांचे मोल सांगावे लागत नाही. बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या सीमाभागात पहाटे पाच वाजता हेच दृश्य दिसते. अंधार, डांबर, उसाचे ट्रक आणि त्यांच्या चाकांपासून हातभर अंतरावर धावणारी पोरे!

आम्हांस नवल वाटते ते याचे, की या डांबरी सडकेच्या कुंपणापलीकडेच धावण्यासाठी याहून शतपटीने चांगली भूमी मोकळी पडलेली आहे. तिला या भागात पाणंद म्हणतात. दोन्ही बाजूंस निवडुंग, घाणेरी वा बाभळी, मधून बैलगाडी जाईल एवढी रुंदी, चाकोऱ्यांमध्ये मऊ माती. पावसाळ्यात तिचा चिखल होतो खरा; पण उरलेले आठ महिने गुडघ्यांना जपणारी अशी वाट कोणतेही क्रीडाखाते पैसे ओतून निर्माण करू शकणार नाही. तिच्या एका टोकास तळे असते, दुसऱ्या टोकास पडका बुरूज किंवा देवराई असते. परदेशी मंडळी अशा वाटांवर धावण्यासाठी सुटी काढून देशोदेशी जातात. आमच्याकडे ती फुकट आहे, म्हणूनच बहुधा कुणाला दिसत नाही.

बेळगावच्या मातीला धावणे नवे नव्हे. १९२० साली सर दोराबजी टाटांच्या पुढाकाराने अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा जो चिमुकला संघ गेला, त्यात फडेप्पा दरेप्पा चौगुले हा बेळगावचा गडी होता. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींतून ही निवड झाली. त्या शर्यतींत धावणारे बरेचसे खेडूत अनवाणीच धावत. अँटवर्पची मॅरेथॉन ४२ किलोमीटर ७५० मीटरची, म्हणजे आजच्या मॅरेथॉनहून अर्ध्या किलोमीटरने लांब होती. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला. फिनलंडचा विजेता कोलेमाइनेन त्यांच्यापुढे अठरा मिनिटे होता. परदेशची सडक, परदेशचे हवामान आणि पाठीशी ना शिक्षक ना शास्त्र, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या एकोणिसाव्या क्रमांकाची उंची कळते. आज बेळगावच्या शाळेतील किती मुलांना हे नाव ठाऊक आहे, हे विचारण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

त्याच बेळगावच्या दक्षिणेस शहापूर-वडगावच्या शिवारातून येळ्ळूरकडे आणि पुढे राजहंसगडाकडे जाणारी वाट घ्या. शहरापासून गड सुमारे पंधरा किलोमीटर. वाटेत बेळगाव बासमतीची खाचरे लागतात. भात निसवले असता त्या शिवारातून जाणाऱ्यास वासावरूनच कळते, की हे साधे भात नव्हे. मागे शहर, समोर आभाळाला टेकलेला गड, आणि गडावर तट, बुरूज व सिद्धेश्वराचे मंदिर. अखेरची चढण छातीची परीक्षा पाहणारी आहे. धावणाऱ्याला याहून अधिक काय हवे? परंतु याच शिवारातून हलगा ते मच्छे असा बाह्यवळण रस्ता काढण्याचे घाटले गेले आणि पिकाऊ जमीन वाचविण्यासाठी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, यंत्रांसमोर उभे राहावे लागले. जमिनीचा मोबदला निदान कागदावर तरी मिळतो. तुटलेल्या पाणंदीचा मोबदला मागायचा कुणी? ती कुणा एकाच्या सातबाऱ्यावर नसते.

गडावर तर निराळेच घडले. तेथील शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे मार्च २०२३ मध्ये एकाच आठवड्यात दोन वेळा अनावरण झाले. एकदा एका पक्षाकडून, एकदा दुसऱ्याकडून. महाराजांच्या पुतळ्यापुढे आमचे मस्तक नम्रच आहे. परंतु दोन अनावरणांच्या मांडवांना जेवढा उत्साह आला, त्याचा शतांश जरी तटाच्या ढासळत्या चिऱ्यांच्या वाट्यास आला असता, तर महाराजांना अधिक आवडले असते, असे आमचे नम्र मत आहे. दुर्गांची निगा राखणे हा त्यांच्या राज्यकारभाराचा भाग होता, समारंभाचा नव्हे.

पश्चिमेची वाट याहून वेगळी. बेळगुंदीवरून राकसकोपकडे जावे. मार्कंडेय नदीवरील हा जलाशय बेळगावची तहान भागवितो, म्हणून त्याच्या काठाशी धसमुसळेपणा नको. दुरून पाणी पाहावे आणि वळावे. किंवा हिंडलग्याचा तुरुंग मागे टाकून बाचीवरून शिनोळीला उतरावे. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्राच्या चंदगड तालुक्यात. धावणाऱ्याला राज्य बदलल्याचे कळते ते फक्त फलकांवरील लिपीवरून. बांधावरची म्हातारी दोन्हीकडे एकाच भाषेत विचारते, "कुठं निघालास रं बाबा पळत?" पुढे देवरवाडीचे वैजनाथाचे जुने देऊळ, झाडीतील गारवा, आणि वर महिपालगड. या गडात अजून गाव नांदते आहे. सीमावादाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो केव्हा निकालात निघेल ते न्यायदेवता जाणे. पण देवरवाडीच्या पायवाटेने त्याची वाट कधीच पाहिलेली नाही.

खानापूरच्या बाजूस आम्हा गोमंतकीयांचे नाते आणखी जवळचे आहे. नंदगडहून थोड्या अंतरावर हलशी आहे. पूर्वीची पलाशिका. बनवासीच्या कदंबांची ती दुय्यम राजधानी होती आणि पुढे गोव्याच्या कदंबांनीही तिला राजधानीचा मान दिला. बाराव्या शतकातील भूवराह-नरसिंहाच्या मंदिरात समोरासमोर दोन गाभारे आहेत आणि दोन देव एकमेकांसमोर आहेत. नंदगड ही संगोळ्ळी रायण्णाची वधभूमी; १८३१ साली इंग्रजांनी त्याला तेथे फासावर चढविले. म्हणजे एका सकाळच्या धावेत कानडी वीराची समाधी आणि कदंबांचे देऊळ, दोहोंपुढे हात जोडता येतात. ज्यांना या भूमीवर एकाच भाषेचा शिक्का मारायचा आहे, त्यांनी, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, एकदा या रस्त्याने पायी जावे.

मात्र खानापूरचे सारेच अरण्य धावण्यासाठी खुले करा, असे आमचे म्हणणे नाही. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. बारापेडे गुहांतील दुर्मीळ वटवाघळांचे ते घर आहे. शिवाय आपली म्हादई त्याच रानात उगम पावते. तेथे अस्वले आहेत, बिबटे आहेत आणि त्यांना पहाटेची शांतता हवी असते. तेथे शर्यती नकोत, ध्वनिक्षेपक नकोत, रंगीत फलक नकोत. तसे पाहिले तर बिबट्याला आपण जागा ठेवली नाही, की तो आपल्याकडे येतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या झाडीत येऊन राहिला, त्याच्या शोधास हत्ती आणावे लागले, कित्येक शाळा बंद राहिल्या, आणि महाशय सर्वांना हुलकावणी देऊन निघून गेले. गावातील मुले त्या दिवसांत मात्र घरातच होती, धावला तो एकटा.

निपाणीकडचा मुलूख उघडा. तंबाखूची काळी रानं, वेदगंगा-दूधगंगेचे पाणी, तवंदीचा घाट आणि घाटातील स्तवनिधी हे जैनांचे क्षेत्र. शहराला पाणी देणारा जवाहर तलाव आहे. वल्लभगड संकेश्वराजवळ आहे. पण येथे पुणे-बंगळूर महामार्गाने सारे गिळले आहे. रुंदीकरणाच्या प्रत्येक फेरीत कडेची पायवाट आधी जाते. त्या रस्त्यावर १९८१ साली तंबाखू-उत्पादकांनी ठिय्या दिला होता आणि गोळ्याही झेलल्या होत्या. आज तेथे माणसाने रस्ता ओलांडणे हेच एक साहस झाले आहे, मग धावणे दूरच. या मुलखाला चालण्या-धावण्याची परंपरा नाही असे मात्र कुणी म्हणू नये. चिकोडी तालुक्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी पायी आळंदीस जातात आणि माउलींच्या पालखीपुढे रिंगणात धावतात. त्या अश्वांच्या टापांची माती कपाळी लावण्यासाठी वारकऱ्यांची झुंबड उडते. कृष्णाकाठावरून इंद्रायणीपर्यंतची ती वाट जिवंत राहिली, कारण दरवर्षी तिच्यावर पावले पडली.

कायद्याची बाजूही पाहू. इंग्लंडमध्ये खाजगी शेतांमधून जाणाऱ्या हजारो पायवाटा आहेत आणि त्यांवरून कुणालाही चालता येते. १९३२ साली किंडर स्काउटच्या माळावर कामगारांनी जमीनदारांची बंदी मोडून सामुदायिक प्रवेश केला. त्यातून उठलेल्या चळवळीला १९४९ च्या कायद्यात फळ आले. प्रत्येक परगण्याने पायवाटांचे नकाशे करावेत असे ठरले. आमच्याकडे तर नकाशे त्याआधीचे आहेत. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि सीमेच्या दोन्ही अंगांच्या गावांची मोजणी एकाच मुंबई इलाख्याच्या पद्धतीने झालेली आहे. गावनकाशावर गाडीवाट तुटक रेघांनी दाखविलेली असते. रेघ आहे, वाट कुठे आहे, हे पाहण्यास तलाठ्याने एकदा उठून जावे एवढेच बाकी आहे. महाराष्ट्राने पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये योजना आणली; तिचा भर मात्र खडी टाकून रस्ते पक्के करण्यावर राहिला. ऊस वाहणाऱ्या पाणंदीला खडी हवी, हे आम्हांस मान्य आहे. सर्वच पाणंदींना ती हवी, हे मान्य नाही.

शेतकऱ्यांची शंका आम्ही ऐकली आहे. आज चार पोरे धावतील, उद्या शहरातील चारशे येतील, बांधावर पाण्याच्या बाटल्या टाकतील, हरभऱ्याचे डहाळे उपटतील. ही शंका निराधार नाही. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वराच्या घाटात अर्धमॅरेथॉन भरते; तिने त्या शहराला धावण्याचे वेड लावले हे खरे, पण हजारोंची शर्यत ही घाटरस्त्याला पेलते, भाताच्या बांधाला पेलत नाही. म्हणून सीमाभागातील या वाटांवर आधी हक्क गावच्या मुलांचा असावा, आणि नियमही ग्रामपंचायतीनेच घालावेत. सुगीच्या पंधरवड्यात वाट बंद ठेवायची असेल तर ती तिने ठेवावी. शहरातील हौशी मंडळींनी पाहुण्यासारखे यावे आणि पाहुण्यासारखेच जावे.

बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे सैन्यात भरती झाला, तेथे धावू लागला आणि २०२३ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीचे सुवर्णपदक घेऊन आला. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. दोघेही कोरडवाहू मुलखातील. येळ्ळूर, बेळगुंदी वा निपाणीजवळच्या कुणा मुलीच्या पायांत तसे बळ आहे की नाही, हे ट्रकच्या धुरात कळणार नाही.

त्यासाठी आम्ही क्रीडासंकुल मागत नाही. त्याचा पाया खोदला जाईपर्यंत आजची मुले भरतीच्या वयाबाहेर जातील. येळ्ळूरच्या शिवारातील एक पाणंद मोजणीदाराने साखळी टाकून मोजावी. दर चारशे मीटरवर एक दगड रोवावा, त्यास चुना फासावा, आणि १.६ किलोमीटरच्या दगडावर कानडीत व मराठीत आकडा लिहावा. सुगी आटोपली की हे काम करण्याजोगे आहे. त्यास एक घमेले चुना आणि अर्धा दिवस लागेल.